व्हिसा, टीबी आणि दहा महिन्यांचा हिशेब

अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी करावी लागते, ती बहुतेकांच्या बाबतीत अर्ध्या दिवसात उरकते. माझ्या बाबतीत ती जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आणि मे २०२४ मध्ये संपली. या काळात मला टीबी असल्याचे निदान झाले, त्यावरचे संपूर्ण उपचार झाले आणि मगच मला नवऱ्याकडे न्यू जर्सीला जाता आले. उशीर का होतो आहे, तो किती होणार आहे आणि कोणत्या टप्प्यावर कशाची वाट पाहायची आहे, हे मला कोणी एका जागी बसवून सांगितले नाही. निरनिराळ्या माणसांकडून तुकड्यातुकड्याने कळत गेले. म्हणून ते सगळे इथे सलग मांडते आहे. सध्या ज्यांच्या घरात हीच वाट पाहणे चालू असेल, त्यांना निदान महिने मोजता यावेत एवढी माझी इच्छा आहे.

आमचे लग्न डिसेंबर २०२१ मध्ये झाले. माझे पती अमेरिकेचे नागरिक असल्यामुळे त्यांनी माझ्यासाठी आय-१३० हा नातलगासाठी करायचा अर्ज भरला, तो मंजूर झाला, पुढची कागदपत्रे नॅशनल व्हिसा सेंटरने तपासली आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमधल्या मुलाखतीची तारीख आली. मुलाखतीआधी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच तपासणी करून घ्यावी लागते. या डॉक्टरांना पॅनेल फिजिशियन म्हणतात आणि त्यांनी तपासणी कशी करायची हे अमेरिकेची सीडीसी ही आरोग्यसंस्था ठरवून देते. डॉक्टर मुंबईतले असले तरी नियम त्यांचे स्वतःचे नसतात, आणि त्यांना विनवण्या करून काही बदलत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेतले की पुष्कळ मनस्ताप वाचतो.

पंधरा वर्षे आणि त्यावरील प्रत्येक अर्जदाराचा छातीचा एक्स-रे काढला जातो. माझ्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक ठिपकेदार सावली दिसली. मला खोकला नव्हता, ताप नव्हता, वजन घटलेले नव्हते. सांगलीत मी रोज शाळेत शिकवायला जात होते आणि दोन मजले धाप न लागता चढत होते. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की सावली जुन्या, आपोआप भरून आलेल्या टीबीची असू शकते किंवा चालू आजाराची, आणि एक्स-रेवरून या दोहोंतला फरक सांगता येत नाही. एक्स-रेत शंका आली की थुंकीचे तीन नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी घेतात. प्रत्येक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि शिवाय त्याचे कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यात जंतू असतील तर ते प्रयोगशाळेत वाढतात का ते पाहतात. कल्चर निगेटिव्ह म्हणून जाहीर करायला आठ आठवड्यांपर्यंत थांबावे लागते.

थुंकी देणे ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते, पण कोरडा खोकलाही नसलेल्या माणसाला ती फार अवघड जाते. सकाळी उपाशीपोटी क्लिनिकच्या गच्चीलगतच्या एका उघड्या, हवेशीर कोपऱ्यात आम्हाला एकेकाला उभे करत. मास्क लावलेली परिचारिका काचेपलीकडून पाहत असे. लाळ चालत नाही, घशातला चिकटा चालत नाही, छातीच्या तळातून आलेला घट्ट बेडकाच हवा असतो. पहिल्या दिवशी माझ्याकडून निव्वळ लाळ आली, तेव्हा त्यांनी खारट पाण्याची वाफ घ्यायला दिली. ती वाफ पाच-दहा मिनिटे ओढल्यावर छाती आतून ढवळून निघाल्यासारखा खोकला आला आणि रुंद तोंडाच्या झाकणाच्या डबीत तळ झाकेल एवढा बेडका जमला. परिचारिकेने डबी उजेडाकडे धरून पाहिली, झाकण घट्ट फिरवले, नावाची पट्टी माझ्या पासपोर्टशी ताडून पाहिली आणि मगच मला जायला सांगितले. माझ्या पुढे सत्तरीतले एक काका होते. मुलाने त्यांच्यासाठी व्हिसाचा अर्ज केला होता आणि तरुणपणी त्यांना टीबी होऊन गेला होता. अशा जुन्या व्रणांमुळे अडकलेली वडीलधारी माणसे तिथे बरीच दिसली. त्यांचे कल्चर निगेटिव्ह आले की त्यांना बी-वन वर्गात टाकून जाण्याची परवानगी मिळते. म्हणजे त्यांचा उशीर साधारण दोन-अडीच महिन्यांचा असतो, आणि तेवढाच असतो.

सूक्ष्मदर्शकाखालचे माझे तिन्ही अहवाल निगेटिव्ह आले, आणि घरात सगळ्यांना वाटले की सुटलो. दरम्यान मुलाखतीचा दिवस आला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये अधिकाऱ्याने लग्नाविषयी, पतींच्या नोकरीविषयी थोडे प्रश्न विचारले, कागदपत्रे ठीक असल्याचे सांगितले आणि २२१-जी क्रमांकाची चिठ्ठी हातात ठेवली. वैद्यकीय अहवाल पूर्ण होईपर्यंत व्हिसा देता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर माझ्या अर्जापुढे ‘रिफ्यूज्ड’ असा शब्द दिसला. माझ्या आईने तो वाचला आणि ती रात्रभर झोपली नाही. ज्यांच्या घरी हे घडेल त्यांना आवर्जून सांगते: २२१-जी दिलेल्या प्रत्येक अर्जापुढे तोच शब्द येतो आणि राहिलेली गोष्ट पूर्ण झाली की तो बदलतो. मात्र वर्षभर काहीच हालचाल केली नाही, तर शुल्क भरून नव्याने अर्ज करण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे उपचार चालू असल्याचे पत्र मी अधूनमधून कॉन्सुलेटला ईमेलने पाठवत राहिले आणि त्याची पोच जपून ठेवली.

ऑगस्टच्या मध्यावर क्लिनिकमधून फोन आला. तीनपैकी एका नमुन्याच्या कल्चरमध्ये टीबीचे जंतू वाढले होते.

मला सर्वांत आधी हेच विचारायचे होते की सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसले नाही, तर कल्चरमध्ये ते आले कुठून. डॉक्टरांनी वेळ देऊन समजावले, आणि त्या अर्ध्या तासाबद्दल मी त्यांची ऋणी आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायचे तर एका मिलिलिटर थुंकीत ते पाच ते दहा हजारांच्या आसपास असावे लागतात. कल्चरला दहा ते शंभरही पुरतात. पण कल्चरला वेळ लागतो, कारण हा जंतू अतिशय मंद वाढतो. आतड्यातला ई-कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर टीबीच्या जंतूला एकदा दुप्पट व्हायला पंधरा ते वीस तास लागतात. ते आठ आठवडे कुठल्या टेबलावरच्या फायलीत अडकलेले नसतात, ते जंतूच्या वाढीचा वेग ठरवतो, हे कळल्यावर माझा निम्मा राग तिथेच ओसरला.

पुढे मी स्वतः वाचले तेव्हा कळले की पूर्वी अमेरिकेला जाणाऱ्यांच्या थुंकीची केवळ सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी होत असे. २००४-०५ मध्ये थायलंडमधल्या वाट थाम क्राबोक इथल्या हमोंग जमातीच्या निर्वासितांमध्ये औषधांना न जुमानणारा टीबी आढळला, आणि २००७ मध्ये सीडीसीने नियम बदलून कल्चर, औषध-संवेदनशीलता चाचणी (जंतू कोणत्या औषधांना दाद देतात ते पाहणे) आणि देखरेखीखालचे उपचार सक्तीचे केले. जुन्या नियमात मी तिन्ही निगेटिव्ह अहवाल घेऊन विमानात बसले असते आणि फुप्फुसातला आजार सोबत नेला असता. वैद्यकदृष्ट्या नवा नियम योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ज्या महिन्यांत मी त्याच्यामुळे सर्वाधिक रडले त्या महिन्यांतही ते तसेच होते.

याच सुमारास, व्हिसाची कामे करून देणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दोन सल्ले दिले. पहिला असा की, जवळच्या कुठल्याही डॉक्टरकडून गोळ्या घेऊन टाका आणि संपल्यावर प्रमाणपत्र दाखवा. दुसरा असा की, पुढच्या थुंकीच्या तपासणीआधी आठवडाभर लिव्होफ्लॉक्सासिन घ्या, म्हणजे जंतू दिसणार नाहीत. हे दोन्ही सल्ले अजून कोणाकोणाला दिले जात असतील या विचाराने मी अस्वस्थ होते. पॅनेलबाहेर घेतलेले उपचार त्या व्यवस्थेत ग्राह्य धरले जात नाहीत, उलट त्यामुळे थांबण्याचा काळ वाढतो. आणि लिव्होफ्लॉक्सासिनने आजार तात्पुरता झाकला जातो, तो बरा होत नाही. औषध-प्रतिरोधक टीबीच्या उपचारात हेच औषध हाताशी लागते, त्यामुळे ते असे उधळणे घातक आहे. मी ते सगळे डॉक्टरांना सांगितले आणि त्या गृहस्थांचा फोन पुन्हा घेतला नाही.

उपचार देखरेखीखाली, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास डॉट्स म्हणतात त्या पद्धतीने, नेमून दिलेल्या केंद्रातच घ्यायचे होते. सांगलीहून ते शक्य नव्हते, म्हणून मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि ठाण्याला मावशीकडे राहायला गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन महिने चार औषधे होती: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. सकाळी उपाशीपोटी लोकलने जायचे, केंद्रातल्या बाकावर बसायचे, परिचारिकेसमोर एकेक गोळी गिळायची, तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची आणि कार्डावरच्या त्या दिवसाच्या चौकोनात तिची सही घ्यायची. रिफाम्पिसिनमुळे लघवी पहिल्याच दिवशी नारिंगी झाली. ते अपेक्षित असते, घाबरायचे नसते, पण आधी सांगितले नसते तर मी नक्की घाबरले असते. पायराझिनामाइडने सांधे दुखत, विशेषतः पायाच्या बोटांचे. यकृताच्या रक्ततपासण्या ठरावीक काळाने होत, आणि इथॅम्ब्युटॉलचा डोळ्यांवर परिणाम होतो आहे का हे पाहण्यासाठी रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचायला लावत. संवेदनशीलता चाचणीचा अहवाल आला आणि माझे जंतू सर्व नेहमीच्या औषधांना दाद देणारे निघाले, तो त्या वर्षातला सर्वांत चांगला दिवस होता. प्रतिरोध निघाला असता तर उपचारांचा काळ आणि त्याबरोबर व्हिसाचा उशीर कितीतरी लांबला असता. नंतरच्या चार महिन्यांत औषधे कमी झाली आणि अंगात बळ आले.

ही देखरेखीची पद्धत अपमानास्पद वाटते, हे मी नाकारणार नाही. तिशी ओलांडलेल्या शिक्षिकेने रोज कोणापुढे तरी जीभ वर करून दाखवायची, हे पहिला आठवडाभर मला फार लागले. पण तिचा उगम आपल्याच देशात आहे हे कळल्यावर माझी दृष्टी बदलली. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयरोग औषधोपचार केंद्रात गरीब वस्तीतल्या रुग्णांवर जो अभ्यास झाला, त्यातून सिद्ध झाले की सॅनेटोरियममध्ये न ठेवता घरी राहूनही टीबी तितकाच बरा होतो, फक्त औषध न चुकता पोटात गेले पाहिजे. न चुकता याच अटीसाठी देखरेख आली. आज अमेरिका माझ्याकडून जे मागत होती, ते मद्रासच्या रुग्णांनी आधी करून दाखवलेले होते.

घरी याच्या अगदी उलट वातावरण होते. आमच्या सांगली-मिरजेकडे जुन्या माणसांच्या मनात टीबी म्हटले की वानलेसवाडीचे सॅनेटोरियम उभे राहते, जिथे माणूस गेला की त्याचे ताट-वाटी वेगळी होत असे. माझ्या आजीच्या पिढीने ते पाहिले होते आणि आईने ते ऐकत ऐकत वाढताना मनात साठवले होते. त्यामुळे तिने शेजारी सांगितले की मला कावीळ झाली आहे. कायद्याने प्रत्येक रुग्णाची नोंद करावी लागते, तशी माझी सरकारच्या निक्षय पोर्टलवर झाली, आणि काही दिवसांनी आशाताई सांगलीच्या घरी घरच्यांची तपासणी करायला आल्या. मग गल्लीत काहीच लपून राहिले नाही. आईबाबांचे एक्स-रे स्वच्छ निघाले. मी आईला फोनवर एवढेच म्हटले, “आई, मी कोणाचं काही चोरलेलं नाही, हवेतून आलेला जंतू आहे.” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “मावशीकडे अंडी खातेस ना रोज?” त्यानंतर तिने कावीळ हा शब्द पुन्हा काढला नाही. निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पाचशे रुपये खात्यात जमा होत, ते ती अंड्यांसाठीच आहेत असे मानून चालत असे.

उपचार चालू असताना दर महिन्याला थुंकी तपासली जात होती आणि सुरुवातीच्या महिन्यांतच कल्चर निगेटिव्ह येऊ लागले. मार्चच्या सुरुवातीला शेवटची गोळी घेतली. मावशीने शिरा केला, पतींनी तिकडे सुट्टी मिळण्याची चौकशी सुरू केली, आणि तेव्हा कळले की उपचार संपल्यावर पुन्हा थुंकी घेतली जाईल, पुन्हा कल्चर लागेल आणि पुन्हा आठ आठवड्यांपर्यंत थांबावे लागेल. सबंध काळातला सर्वांत जड टप्पा हाच होता. आजार बरा झालेला, गोळ्या संपलेल्या, नोकरी सुटलेली, आणि करण्यासारखे काहीही उरलेले नाही. इथे माझी एक तक्रार आहे आणि ती मी सौम्य करणार नाही. पहिल्या सकाळीच एका कागदावर लिहून देता आले असते: कल्चरला दोन महिने, पॉझिटिव्ह आल्यास उपचारांना निदान सहा महिने, शेवटच्या कल्चरला पुन्हा दोन महिने, एकूण सुमारे दहा. हा हिशेब त्या क्लिनिकमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. तो मला पहिल्याच दिवशी मिळाला असता तर मी रजेऐवजी आधीच राजीनामा देऊन शाळेला दुसरी शिक्षिका शोधायला वेळ दिला असता, पतींनी दोनदा घराचे भाडेकरार बदलले नसते आणि मार्चमध्ये घरातल्या सगळ्यांचा पुन्हा एकदा अपेक्षाभंग झाला नसता. उशीर सोसता येतो, त्याची लांबी ठाऊक नसणे सोसत नाही.

मेच्या सुरुवातीला शेवटचे कल्चरही निगेटिव्ह आले. नवा एक्स-रे काढला, त्यात सावली आकसून एक बारीक व्रण उरला होता, आणि मला बी-झीरो वर्ग मिळाला: पॅनेलच्या देखरेखीखाली उपचार पूर्ण करून निघालेली व्यक्ती. इथे कागदांच्या मुदतीची साखळी समजून घ्यावी लागते. नेहमीची वैद्यकीय मंजुरी सहा महिने टिकते, पण माझ्यासारख्यांची तीनच महिने, आणि व्हिसाची मुदतही तिच्यावरूनच ठरते. त्यामुळे बाकीची कागदपत्रे कल्चरचा अहवाल येण्याआधी ताजी करून ठेवणे शहाणपणाचे. मधल्या काळात नवे करवर्ष आल्यामुळे कॉन्सुलेटने पतींचे २०२३ सालचे कर-विवरण मागवले. ते त्यांनी एप्रिलमध्येच तयार ठेवले होते, म्हणून चार दिवसांत काम झाले. संकेतस्थळावरचा ‘रिफ्यूज्ड’ शब्द जाऊन ‘इश्यूड’ आला, तेव्हा मी तो आधी आईला पाठवला.

या लांबलेल्या काळाचा एक परिणाम आमच्या बाजूने लागला. अमेरिकेत पाऊल ठेवताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील तर दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळते आणि पुढे त्या अटी काढण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. आमची दोन वर्षे डिसेंबर २०२३ मध्येच उलटली होती, त्यामुळे जून २०२४ मध्ये पोहोचल्यावर मला थेट दहा वर्षांचे कार्ड मिळाले. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला लग्नाची तारीख दाखवायला लग्नाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवावा, आणि त्याच बॅगेत एक्स-रेची सीडी व उपचारांचा सारांश ठेवावा. हे सामानात टाकू नये.

टीबीच्या वर्गासह येणाऱ्यांची माहिती सीडीसीकडून त्या त्या राज्याच्या आरोग्य विभागाला जाते. पोहोचून पंधरवडा व्हायच्या आत काउंटीच्या टीबी क्लिनिकमधून फोन आला. तिथल्या परिचारिकेने मुंबईचा आणि नवा असे दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावून डॉक्टरांना दाखवले, सांगलीतल्या घरच्यांची तपासणी झाली होती का ते विचारले, आणि आणखी औषधाची गरज नाही असे लिहून दिले. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी पुढच्या भेटीची तारीख दिली, आणि त्याखाली, मी न विचारताच, त्या भेटीत काय होईल आणि अहवालाला किती दिवस लागतील हेही लिहिले.